डागमोजे आप्पा

रोज सूर्य पाहणारा एक माणूस मी बरीच वर्षं जवळून पाहिला, पण त्याला मान वर करून आकाशाकडे बघताना कधी पाहिलं नाही. आमच्या आष्टी भागात ही गोष्ट सोपी नाही. मृग निघाला की सगळा तालुका वर बघायला लागतो. एस.टी.चा ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघतो, शिक्षक फळ्याकडे पाठ करून बघतात, तहसीलदार जीपमधून उतरले की आधी वर बघतात आणि मग लोकांकडे. आप्पा मात्र सूर्याकडे पाठ करून बसत आणि समोरच्या कागदात बघत. सूर्य त्यांच्या खांद्यावरून पत्र्याच्या नळीत शिरायचा आणि कागदावर वीतभर गोल होऊन उतरायचा. "तोंड करून बसनाऱ्याला सूर्य दिसत न्हाई," ते म्हणायचे. "त्याला नुसता उजेड दिसतो."

आप्पा आमच्या तालुका दूध संघाच्या शीतकरण केंद्रात प्रयोगशाळा सहायक होते. या केंद्राला सगळे 'चिलिंग' म्हणत. आप्पांचं खरं आडनाव हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. सूर्यावरचे डाग मोजतात म्हणून लोकांनी त्यांना डागमोजे केलं. एकदा एका लग्नपत्रिकेवर 'श्री. डागमोजे, चिलिंग' असं छापून आलं. मी म्हटलं, आप्पा, हे चुकलंय. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पोचली न्हवं?"

मी तिथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. वडील ऊसतोडीला जाणं सोडून ग्रामपंचायतीत शिपाई झाले होते, आणि आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. अंबाजोगाईहून बी.एस्सी. होऊन आले होते. प्रयोगशाळेत काचेची भांडी बघितली होती, पण चाळीस गावांचं दूध एका सकाळी बघितलं नव्हतं. कागदावर मी आप्पांची साहेब होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची पुसून मला दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि मला 'मॅडम' म्हणायला लागले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने मला तसं म्हणावं याची मला लाज वाटायची. मी एकदा तसं बोलले, तर म्हणाले, "मी म्हनलं न्हाई तर ते बाहेरचे कसे म्हनतील?"

बाहेरचे म्हणजे कॅन घेऊन आलेले सभासद. दुधाचा दर फॅटवर ठरायचा, आणि पोरीने काढलेली फॅट त्यांना पटत नसे. आप्पा त्यांना सांगायचे, "मॅडमचं रीडिंग माझ्यापरीस बरोबर येतं." हे तेव्हा अजिबात खरं नव्हतं. मला शिकवण्याची वेळ त्यांनी दुपारी ठेवली होती, केंद्रात कोणी नसताना. "डोळा रेषेच्या पातळीत आना, मॅडम. डोळा वर गेला तर एकाचं नुकसान, खाली गेला तर दुसऱ्याचं. आपन मधी बसायचं." मी वर्षभर मधे बसायला शिकत होते. पुढे जे काही झालं, ते मी नेमकी तिथून हलले म्हणून झालं.

सकाळचं संकलन नऊला संपायचं, कॅन धुऊन व्हायला दहा. अकरा वाजता आप्पा नळी बाहेर काढत. तिचं भिंग त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं होतं आणि नळी त्याच कारागिराने केली होती ज्याने संघाची दुधाची मापं केली. सूर्याचा गोल कागदावर स्थिर झाला की ते पेन्सिलीने एकेक डाग काढत. गट किती, त्यातले डाग किती. गटांना दहाने गुणायचं आणि डाग त्यात मिळवायचे. महिना संपला की तीस आकडे एका कागदावर उतरवून ते युरोपातल्या एका वेधशाळेला पाठवत. तिचा पत्ता त्यांना वाचनालयातल्या एका मासिकात मिळाला होता. इंग्रजी यायला लागत नव्हतं, कारण आकडेच पाठवायचे होते. तिकडून काही महिन्यांनी एक छापील तक्ता यायचा, त्यात जगभरच्या मोजणाऱ्यांचे आकडे असायचे आणि मधेच कुठेतरी आप्पांचा क्रमांक. चिलिंगमध्ये तो तक्ता दुधाच्या दरपत्रकाशेजारी लावलेला असे.

हे वेड कसं लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर होते. संध्याकाळी धुळीतून सूर्य तांबडा दिसत होता आणि त्यावर भाकरीला पडतो तसा काळा डाग होता. त्यांनी मुकादमाला दाखवलं. मुकादम म्हणाला, "डोळ्यात खडी गेली तुझ्या. पानी मार." दुष्काळात पाणी मारणं ही चैन होती, तरी त्यांनी मारलं. डाग होताच. दुसऱ्या दिवशी तो थोडा सरकलेला होता. "सरकला म्हनून अडकलो बघा," आप्पा म्हणाले. "जागेवर ऱ्हायला असता तर सोडून दिला असता."

त्यांच्या वहीत दोन खुणा होत्या आणि त्यांची गल्लत केलेली त्यांना चालत नसे. सूर्य बघितला आणि डाग नव्हता, तर शून्य. सूर्य बघताच आला नाही, तर रेघ, आणि पुढे कारण. कारण बहुधा 'ढग' असे. क्वचित 'ताप', एकदा 'मुलीचं लग्न'. मी म्हटलं, दोन्हीचा अर्थ एकच ना, काही मोजलं नाही. आप्पा स्टुलावर सावरून बसले. "मॅडम, एखाद्याचं दूध तपासायचं राहिलं तर तुमी त्याला फॅट शून्य देताल का?"

पण त्यांना खरी वाट पाहायची होती ती एका डागाची. सूर्यावरच्या डागांचा फेरा साधारण अकरा वर्षांचा असतो. डाग वाढत जातात, मग कमी होत होत जवळपास संपतात, आणि मग एके दिवशी गोलाच्या मधल्या पट्ट्यापासून दूर, बऱ्याच वर किंवा खाली, एक बारका डाग उगवतो. तो नव्या फेऱ्याचा पहिला. मागच्या खेपेला आप्पांची नळी नवी होती आणि नजर कच्ची. असा एक ठिपका त्यांना दिसला होता. कागदावरचा कचरा समजून त्यांनी तो फुंकर मारून, मग बोटाने पुसला, आणि वहीत शून्य लिहिलं. चार महिन्यांनी तक्ता आला तेव्हा कळलं, की त्या दिवशी तो डाग बाकी सगळ्यांनी बघितला होता. तेव्हापासून ते दर ठिपक्याला कागद हलवून बघत. कागदाबरोबर हलला तर कागदाचा, गोलात राहिला तर सूर्याचा. पुढचा फेरा सुरू व्हायला अकरा वर्षं होती, आणि त्याच्या पुढच्याला ते नोकरीत नसणार होते, डोळेही कसे असतील कोण जाणे. तेवढी वर्षं ते कागद हलवत थांबले होते.

पावसाबद्दल ते बोलत नसत. लोक विचारायचेच. "आप्पा, डाग काय म्हनतेत? पाऊस कवा?"

"मी मोजतो. सांगत न्हाई."

"मंग कामून मोजता?"

"सांगनारे लई हायेत."

इतपत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो रेडिओमुळे. आमचे वॉचमन रुस्तुम मामा दुपारी शॉर्टवेव्हवर परदेशातलं हिंदी स्टेशन लावायचे. एके दिवशी ते चालू असताना एकदम बसलं. मामा रेडिओला थापट्या मारायला लागले. आप्पा कागद सोडून आले आणि घड्याळात बघत म्हणाले, "ठोकू नका. सेल चांगले हायेत. सूर्यावर भडका उडालाय. अर्ध्या तासानं येईल परत." अर्ध्या तासाने आवाज खरंच परत आला. आप्पांनी वेळ टिपून घेतली. मामांनी दुसरंच टिपून घेतलं. सूर्यावर काही झालं तर चिलिंगमध्ये कळतं, आणि ते आप्पांना आधी कळतं. त्यानंतर बल्ब उडाला, दूध नासलं, त्यांच्या जावयाची बदली रद्द झाली, तरी मामा म्हणायचे, "भडका उडाला आसल."

मग तो दुष्काळ आला. लागोपाठचं दुसरं वर्ष होतं. विहिरी आटल्या, दावणी मोकळ्या झाल्या, जनावरं चारा छावणीत गेली. सकाळचं संकलन आठच्या आत उरकायला लागलं, कारण कॅनच येत नव्हते. आकाशात ढगाचं नाव नव्हतं. आणि आप्पांच्या वहीत त्या वर्षी जानेवारीपासून एकही रेघ नव्हती. ओळीने आकडे, मग डाग कमी होत गेले तशी ओळीने शून्यं. जुना फेरा संपत आला होता. पहिला डाग आता कधीही दिसला असता.

एका सकाळी वही चाळताना मी सरळपणे म्हटलं, "आप्पा, यंदा एकही रेघ नाही. तुमचं हे सगळ्यात चांगलं वर्ष."

आप्पांनी वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "मॅडम, हे बाहेर बोलू नका."

बाहेर मी बोलले नाही. दारात रुस्तुम मामा होते.

आठवड्याने छावणीतले सात-आठ सभासद आले. पुढे सुदामती काकू होत्या. त्यांच्या दोन म्हशी, आणि दोन्ही छावणीत. केंद्र सुरू झालं तेव्हा पहिला कॅन त्यांचा आला होता, म्हणून संघात त्यांना मान होता. कोणी रागावलेलं नव्हतं. काकू ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, तुमी वाईट हायेत असं आमचं म्हननं न्हाई. पर ढग आला की तुमची रेघ पडती. तुमाला रेघ नको. रोज तुमी सूर्याला वडून कागदावर घेता. मंग ढगानं यावं तरी कुन्या वाटंनं?"

आप्पांनी त्यांना समजावून सांगितलं. कॅनचं झाकण सूर्य केलं, दूध ढवळायची कांडी नळी केली, मला ढग म्हणून उभं केलं. अर्धा तास गेला. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, माना हलवल्या.

"बराबर हाय," काकू म्हणाल्या. "समदं पटलं. पर थोडे दिवस झाकून ठिवायला काय जातंय?"

काय जातंय ते आप्पांनी सांगितलं नाही. छावणीत जनावरं मरत असताना, एका डागाची मी अकरा वर्षं वाट बघतोय, हे वाक्य म्हणता येत नाही.

आमचे चेअरमन समंजस गृहस्थ होते. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण संघाची निवडणूक जवळ होती. त्यांनी संचालक मंडळाची बैठक बोलावली. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. "मॅडम, तुमी सायन्सच्या," चेअरमन म्हणाले. "शब्द तुमीच घाला. चार लोकांत हसू नको व्हायला." शब्द घालायला सांगितल्यावर माणूस शब्दांतच गुंततो. मी लिहिलं: 'केंद्राच्या आवारातील सूर्यनिरीक्षणाचे काम तालुक्यात पर्जन्यमान समाधानकारक होईपर्यंत तहकूब ठेवण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर.' पदवी मिळाल्यानंतर विज्ञानाबद्दल मी अधिकृतपणे लिहिलेलं हे पहिलं वाक्य. माझं मत कोणी विचारलं नाही, हे खरं आहे. मी ते दिलंही नाही, हे जास्त खरं आहे.

ठरावाची प्रत मीच आप्पांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. "आवारात, हा शब्द तुमचा का?"

"हो," मी म्हटलं. "घरी बघायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही."

"चांगला हाय शब्द," आप्पा म्हणाले. "पर लोकांनी आवारात म्हनलं न्हवतं. झाका म्हनलं होतं." त्यांनी नळीला धोतराचं जुनं पान गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि ती कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता ते नेहमीच्या जागी बसायचे, वहीत रेघ ओढायचे आणि कारणाच्या रकान्यात लिहायचे, 'सभासद'. वर आकाश स्वच्छ. तेव्हाही त्यांनी वर बघितलं नाही. अशा अकरा रेघा झाल्या. बाराव्या दिवशी पाऊस आला. त्याचं वर्णन मी करत नाही. तो ज्यांनी पाहिला त्यांना गरज नाही. रकान्यात आप्पांनी लिहिलं, 'ढग'.

पाऊस आला नसता तर आप्पा सुटले असते. आता ते कायमचे अडकले. वार्षिक सभेत त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराचं कारण चेअरमननी 'सहकार्य' असं सांगितलं. आप्पा बोलायला उभे राहिले. "पाऊस आला, बरं झालं. माझ्यामुळं आला न्हाई. माझ्यामुळं अडला बी न्हवता. आता पुन्हा सुरू करायची परवानगी द्यावी." टाळ्या पडल्या. लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटला. मागून कोणी तरी म्हणालं, "रब्बीचा हाय की आजून, आप्पा." सगळे हसले. चेअरमननी माझा ठराव काढून वाचला आणि विचारलं, "पर्जन्यमान समाधानकारक झालंय असं कुनाला वाटतं?" बीड जिल्ह्यात या प्रश्नाला हात वर होत नाही. पुढच्या वर्षीही विषय निघाला, पुढच्या वर्षीही हात वर झाला नाही. माझ्या 'समाधानकारक' या शब्दाबद्दल आप्पांनी मला कधी बोल लावला नाही. फॅटचं रीडिंग चुकलं की मात्र लावायचे.

ठरावाच्या तिसऱ्या वर्षी पाऊस पुन्हा गेला. नळी कपाटावर, धोतरात, आणि आभाळ कोरडं. सभेत मी उभी राहिले. ठरावाचं वाक्य माझं आहे आणि ते चुकीचं आहे, एवढंच मला बोलायचं होतं. माझ्या अर्ध्या वाक्यावरच सुदामती काकू उठल्या. त्यांची एक म्हैस त्या वर्षी गेली होती. "बस गं बाई," त्या म्हणाल्या. "झाकून बी न्हाई आला. उघडा की मंग. उगं त्या मानसाला कोंडून ठिवलंय." ठराव रद्द झाला. इतिवृत्तात मी एकही विशेषण घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सूर्य कागदावर उतरला तेव्हा गोलावर पाच गट होते, दोन्ही बाजूंनी. नवा फेरा चांगला मोठा झाला होता. आप्पांनी सवयीने कागद हलवला. सगळे जागेवर राहिले.

त्यानंतर आप्पांनी निवृत्तीपर्यंत आणि पुढेही काही वर्षं मोजलं, मोतीबिंदूने अडवेपर्यंत. आता त्यांना जाऊनही बराच काळ झाला. मी माझ्या घराच्या गच्चीवरून मोजते, माझ्या क्रमांकावर; त्यांचा क्रमांक त्यांच्याबरोबर बंद झाला. पण मला त्यांची आठवण येते ती नळीमुळे नव्हे, एका पत्रामुळे.

पुन्हा सुरू केल्यावर वेधशाळेला दोन वर्षांच्या खंडाचं कारण कळवायचं होतं. इंग्रजी माझ्याकडे होतं. मी लिहिलं, अपरिहार्य कारणांमुळे. त्यांनी अर्थ विचारला आणि मला ते खोडायला लावलं. "लिहा. गावात पाऊस न्हवता. लोकांनी थांबा म्हनलं. मी थांबलो." दोन महिन्यांनी उत्तर आलं. जुने आकडे तसेच राहतील, नवे वर्षभर इतरांशी ताडून बघावे लागतील. सोबत मधल्या काळातले छापील तक्ते होते. आणि टाईप केलेल्या मजकुराखाली कोणी तरी शाईने लिहिलं होतं, तुमच्याकडे आता पाऊस आहे का?

मी ती ओळ मराठीत सांगितली. आप्पा तहसील कचेरीत गेले, दोन दिवस बसून तालुक्याच्या तीन वर्षांच्या पावसाचे रोजचे आकडे उतरवून आणले. शाईतल्या प्रश्नाला त्यांचं उत्तर म्हणजे हे आकडे. मग त्यांनी छापील तक्ते उघडले आणि आपली वही शेजारी ठेवली. नव्या फेऱ्याचा पहिला डाग ज्या दिवशी नोंदला गेला होता तो दिवस त्यांनी बोटाने शोधला. सत्काराच्या वर्षातला, पावसाच्या तीन दिवस आधीचा. वहीत त्या दिवशी रेघ होती, कारणाच्या रकान्यात 'सभासद', आणि आकाश स्वच्छ होतं हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. आप्पांनी वही मिटली आणि पावसाच्या आकड्यांखाली पेन्सिलीने एक ओळ मराठीत लिहिली.

"आप्पा, त्यांना मराठी येत नाही," मी म्हटलं.

"म्हनून तर लिहिली," ते म्हणाले, आणि कॅन मोजायला गेले.

पाकीट मला चिकटवायचं होतं, म्हणून मी ती वाचली. 'पहिला डाग मी बघायला पाहिजे होता.' मी त्याचं इंग्रजी करून खाली लिहू शकले असते. कागदाची घडी घातली, पत्ता घातला आणि दुपारच्या टपालात टाकून आले.